कृष्णाकाठची मगर: फेब्रुवारीपासून पूर ओसरेपर्यंत

फेब्रुवारी संपत आला की कृष्णेच्या काठावर मगरीची मादी जागा शोधायला लागते. राजापूर बंधाऱ्याखाली नदी कर्नाटकात शिरते. तिथून जुगूळ, मंगावती, कल्लोळ, येडूर करत खाली उगार-कुडचीपर्यंत आणि पुढे हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यापर्यंत हाच मोसम. दूधगंगेवरही तेच. त्याच दिवसांत आपल्याकडे वीटभट्टीसाठी माती उचलली जाते, उन्हाळी उसाला पाणी पाजलं जातं आणि नदी आटून डोहांपुरती उरते. माणूस आणि मगर एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात ते याच चार महिन्यांत. काठावर राहणाऱ्यांना मगरीबद्दल जे माहीत असायला हवं, त्यातलं बहुतेक या चार महिन्यांशी आणि पाण्यालगतच्या थोड्याशा पट्ट्याशी जोडलेलं आहे.

आधी ॲलिगेटरचं सांगून टाकतो, कारण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरतात आणि त्यावरून आपल्या मगरीबद्दल मतं बनतात. जगात ॲलिगेटरच्या दोनच जाती आहेत, एक अमेरिकेत आणि दुसरी चीनमध्ये. भारतात एकही नाही. भारतात खाऱ्या पाण्यातली मगर, गंगा-चंबळच्या बाजूची लांब तोंडाची घडियाल आणि आपल्या नदीतली गोड्या पाण्यातली मगर अशा तीन जाती आहेत. आपल्या मगरीचं तोंड इतर मगरींपेक्षा रुंद असतं, म्हणून फोटोत ती ॲलिगेटरसारखी वाटते. फरक दातात बघावा. तोंड मिटलेलं असताना खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेरून दिसला तर ती मगर. ॲलिगेटरचा तो दात वरच्या जबड्याच्या खोबणीत झाकला जातो. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून हीच जात गोव्यात कुंभारजुव्याच्या मचूळ पाण्यातही राहते. ॲलिगेटरला तसं खारं पाणी फार काळ सोसत नाही.

काठासाठी महत्त्वाचा फरक मात्र घरट्याचा आहे. ॲलिगेटर पालापाचोळा आणि चिखलाचा ढीग रचून त्यात अंडी घालते आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबतात. आपली मगर जमिनीत खड्डा करते. तिला ऊब मिळते ती उन्हाने तापलेल्या काठाकडूनच. त्यामुळे काठ गेला की घरटं गेलं.

मादीला हवी असते उताराची, भुसभुशीत पण ढासळणार नाही अशी जागा. वाळूमिश्रित माती किंवा पोयटा, दिवसातून बराच वेळ ऊन, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेशी उंची. नुसत्या काळ्या चिकण मातीत ती सहसा खड्डा करत नाही, कारण ती माती उन्हात तडकते आणि ओली झाली की हवा कोंडते. आधी दोन-तीन ठिकाणी उकरून बघते. असे अर्धवट खड्डे, शेपटीची घसट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नखांच्या खुणा दिसल्या तर आसपास घरटं होण्याची शक्यता धरून चालावं. अंडी रात्री घातली जातात. खड्डा साधारण हातभर खोल, अंडी सहसा २५ ते ३०, क्वचित ४० च्या वर. मग माती लोटून ती शेपटीकडच्या अंगाने दाबून टाकते आणि जवळच्या पाण्यात किंवा काठाच्या बिळात राहून राखण करते.

पिल्लं बाहेर यायला ५५ ते ७५ दिवस लागतात. मार्चमध्ये घातलेली अंडी मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला फुटतात, म्हणजे नदीला लाल पाणी येण्याच्या थोडं आधी. हा हिशेब फार काटेकोर आहे. अंडी उशिरा घातली गेली किंवा पाऊस लवकर आला तर अख्खं घरटं पाण्याखाली जातं. कवचातून हवा आत-बाहेर होणं थांबलं की आतला जीव गुदमरतो.

नर की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं. स्थिर तापमानात अंडी उबवून केलेल्या अभ्यासात २८ ते ३१ अंशांना सगळ्या माद्या निघाल्या, ३२.५ अंशांना सगळे नर, आणि ३३ अंशांना पुन्हा मिश्र. दीड अंशाचा फरक सगळं बदलतो. म्हणून काठावरची झाडी सरसकट तोडणं जितकं वाईट, तितकंच सगळा काठ दाट झाडीने झाकून टाकणंही. काही ठिकाणी सावली, काही ठिकाणी उघडा उतार असा मिश्र काठ हवा. नदीकाठी वृक्षारोपण करणाऱ्या मंडळांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पोयट्याचा उघडा उतार म्हणजे ओसाड जागा, असं समजून तिथे रोपं लावू नयेत.

आता या काठाचं होतं काय ते बघा. वीटभट्टीसाठी जेसीबीने दरड उभी कापली की उतार संपतो. आठ-दहा फुटांची सरळ भिंत मादीला चढता येत नाही आणि पुढच्या पुरात ती भिंत आणखी ढासळून शेजारच्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात घुसते. वाळू उपशाने पात्रातले वाळूचे पट्टे गेले, आणि ऊन खायला व घरटं करायला तीच सोपी जागा होती. ऊस पार पाण्यापर्यंत लावला की मधे मोकळी जागाच राहत नाही. मग मादी उसातल्या बांधावर अंडी घालते आणि तोड किंवा नांगरट आली की माणसाच्या पायाखाली येते.

पाण्याच्या पातळीचा प्रश्न कमी लोकांच्या ध्यानात येतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातल्यावर वरच्या बाजूला पाणी काही फूट चढून स्थिर राहतं आणि मादी त्या पातळीवरून जागा निवडते. पण उन्हाळ्यात पिण्यासाठी कोयनेतून पाणी सोडलं जातं तेव्हा नदी एकदम फुगते. एप्रिलमधली दोन-तीन फुटांची चढ माणसाला सुखाची वाटते, खालच्या उतारावरचं घरटं मात्र त्यात जातं. पाणी सोडायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण ते एका दमात सोडण्याऐवजी टप्प्याने सोडलं आणि ज्या बंधाऱ्यांच्या फुगवट्यात घरटी आहेत तिथली पातळी वन खात्याला आधी कळवली, तर धोक्यातली घरटी वेळेत हलवता येतात.

हलवायचं काम कुणी आणि कसं करायचं, हे नीट सांगायला हवं. माती काढताना किंवा नांगरताना अंडी उघडी पडली तर सगळ्यांचा पहिला विचार असतो, उचलून बाजूला ठेवावीत. तिथेच ती मरतात. अंडं घातल्यानंतर साधारण एका दिवसात आतला भ्रूण कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. कवचावर मधोमध पांढरा अपारदर्शक पट्टा दिसू लागतो, तो फळलेल्या अंड्याची खूण. यानंतर अंडं उलटं किंवा आडवं फिरवलं तर भ्रूण सुटतो किंवा दबून मरतो, बाहेरून मात्र काही कळत नाही. म्हणून मशीन थांबवा, अंड्यांना हात लावू नका, उघडी पडली असतील तर त्याच खड्ड्यातली माती हलक्या हाताने वर सोडा, वर गोणपाट टाकून ऊन अडवा आणि वन खात्याला बोलवा. त्यांच्या लोकांना अंडी न्यायची झाली तर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून, तीच बाजू वर ठेवून, त्याच मातीच्या थरात पेटीत भरतात. गाडी सावकाश चालवतात. मार्करची शाई वापरत नाहीत, कारण कवचाच्या छिद्रांतून ती आत जाऊ शकते. आणि हे करताना एक माणूस फक्त पाण्याकडे तोंड करून उभा असतो, कारण मादी जवळच असते.

पिल्लं फुटायच्या वेळी कवचातूनच आवाज करतात. तो ऐकून मादी माती उकरते, पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते, अडकलेली अंडी जिभेवर हलकेच दाबून फोडते. पिल्लू जेमतेम फूटभर लांब असतं. घोरपड, मुंगूस, कुत्री, बगळे, मोठे मासे अशा सगळ्यांचं ते खाद्य. त्यातून फारच थोडी पिल्लं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. म्हणून “एवढी अंडी घालते, नदी मगरींनी भरून जाईल” या भीतीला आधार नाही. मादी वयात यायला सहा-आठ वर्षं लागतात, नराला त्याहून जास्त. एक मोठी मादी मारली गेली तर त्या डोहाचं नुकसान दहा वर्षांत भरून येत नाही.

हल्ला कुठे होतो ते मगरीच्या शरीरावरून समजतं. ती थंड रक्ताची. हिवाळ्यात सकाळी ऊन खायला काठावर येते आणि तोंड उघडं ठेवून पडते. ते तोंड उघडणं तापमान सांभाळण्यासाठी असतं, त्यात राग नसतो. अशी काठावर उघड दिसणारी मगर बहुधा माणूस दिसला की पाण्यात सरकते. धोका असतो तो न दिसणाऱ्या मगरीचा. पाण्यात तिचे डोळे, कान आणि नाकपुड्या एका रेषेत वर राहतात, बाकी सगळं अंग खाली. ती काठाजवळ थांबते, पाणी प्यायला किंवा वाकून काम करायला येणाऱ्यावर लक्ष ठेवते, आणि झेप दोन-तीन मीटरच्या आतच घेते. मोठा नर तीन-साडेतीन मीटरचा असतो, पण अडीच मीटरची मादीही माणसाला पाण्यात ओढू शकते. तिला रोजची वेळ आणि जागा लक्षात राहते. रोज सकाळी सातला त्याच दगडावर धुणं, रोज संध्याकाळी त्याच उताराने म्हशी पाण्यात, हे तिच्यासाठी सोयीचं.

आमच्या मते या भागातलं सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे रात्री फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, साफ करणं. थ्री-फेज वीज पुष्कळदा रात्रीची असते, जलपर्णी अडकून मोटर पाणी उचलत नाही आणि शेतकरी एकटा मांडीभर पाण्यात उतरतो. यावर उपाय स्वस्त आहे. फूटव्हॉल्व्ह दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगता ठेवायचा, त्याला दोर बांधून काठावरच्या खांबाच्या कप्पीतून घ्यायचा, आणि सक्शनला शेवटचे काही फूट लवचिक पाइप लावायचा. अडकलं की दोर ओढून व्हॉल्व्ह काठावर. व्हॉल्व्हभोवती मोठा, निदान दोन फूट व्यासाचा जाळीचा पिंजरा बसवला तर कचरा मुळात कमी अडकतो. जाळी व्हॉल्व्हला चिकटून बसवली तर उपयोग नाही, ती लगेच बुजते.

पाण्याजवळ जाण्याआधी बॅटरी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून सावकाश फिरवावी. मगरीच्या डोळ्यांतून तांबूस-नारिंगी चमक परत येते. बॅटरी कमरेशी धरली तर ती दिसत नाही, आणि पुष्कळ जण तिथेच चुकतात. अमेरिकेत ॲलिगेटरची लांबी डोळे आणि नाकपुड्या यांच्यात जितके इंच तितके फूट अशी अंदाजतात. आपल्या मगरीलाही ढोबळ मानाने तो हिशेब चालतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. चमक दिसली नाही म्हणून पाणी मोकळं आहे असं नाही. बुडी मारलेली मगर दिसत नाही.

कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं, मटणाच्या दुकानातला टाकाऊ माल नदीत टाकणं ताबडतोब बंद व्हायला हवं. त्याच जागी मगर येऊन थांबायला शिकते आणि माणसाच्या येण्याशी खाण्याची सांगड घालते. फ्लोरिडात ॲलिगेटरला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, तो याच कारणाने. दांडेलीला काळी नदीवर मगरी बघायला जाणाऱ्यांनीही हे पाळावं. कारखान्याचं सांडपाणी येऊन मासे मेले की उलटा परिणाम होतो. चिलापी, मरळ, वाम संपले की मगर कुत्र्यांकडे आणि शेरडांकडे वळते. नदी स्वच्छ ठेवणं हा मगरीच्या बंदोबस्ताचाच भाग आहे.

पंचायतीकडे थोडे पैसे असतील तर पहिल्यांदा काठापासून पन्नास-साठ फूट वर नळ, धुण्याचा कट्टा आणि जनावरांसाठी हौद बांधावा. पाणी नदीतूनच उचलायचं, फक्त माणसाने पाण्यापाशी जायचं नाही. एवढ्याने धुण्या-पाण्याचा बराच धोका टळतो. घाटावर उतरणं टाळता येत नसेल, धार्मिक कारणाने किंवा सवयीने, तर श्रीलंकेत गावोगावी असतं तसं पाण्यातलं कुंपण करावं. तिथे त्याला किंबुला कोटुवा म्हणतात. पूर्वी लाकडी खुंटांचं असायचं, आता लोखंडी असतं. आपल्याकडे करायचं तर बारांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको आणि बार तळात दोन फूट तरी रुतलेले हवेत. उंची मोजायची ती बरगे घातल्यानंतरच्या पातळीपासून, उन्हाळ्यातल्या आटलेल्या पाण्यापासून नाही. त्या पातळीच्या वर तीन फूट. आतलं पाणी कमरेपेक्षा खोल नको.

कुंपण फसतं ते दोन कारणांनी. एक, लोक पाण्याच्या तीन बाजू बंद करतात आणि काठाची बाजू उघडी ठेवतात. मगर जमिनीवरून चालत येऊन आत उतरते, आणि मग आत तीच कोंडलेली असते. काठाकडे झडप असलेलं दार हवंच. दुसरं, प्रवाहाने बारांखालची वाळू धुपून खाली जागा होते. तिथे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या टाकाव्यात आणि महिन्यातून एकदा लांब बांबूने तळ चाचपावा. जोडणी वेल्डिंगने न करता नटबोल्टने करावी, म्हणजे जूनमध्ये कुंपण काढून ठेवता येतं. पात्रात ठेवलं तर पुरातली जलपर्णी आणि ओंडके अडकून ते मुळासकट जातं.

पूर आला की सगळे नियम बदलतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी रानोमाळ पसरलं. अशा वेळी मगर प्रवाहाचा जोर टाळायला कडेच्या संथ पाण्यात सरते, आणि पाणी ओसरताना ओढ्यात, विहिरीत, विटांसाठी काढलेल्या खड्ड्यात किंवा उसाच्या फडात मागे राहते. पूर उतरल्यावर पहिले पंधरा दिवस फडात एकट्याने शिरू नये. आधी बांधावरून फिरून चिखलातली घसट बघावी, पत्र्याचा डबा वाजवत जावं, कुत्रं सोबत नेऊ नये.

मगर सापडलीच तर गर्दी हाच सगळ्यात मोठा त्रास. तिला नदीकडे जायची वाट मोकळी ठेवा, निदान साठ-सत्तर फूट लांब राहा, दिवे आणि मोबाइल बंद करा. पुष्कळदा रात्रीत ती आपोआप निघून जाते. पकडायचं काम वन खात्याच्या माणसांचंच. ते वरच्या जबड्याला फास टाकतात, डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकतात, जबडा दोराने बांधतात आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवतात. डोळे झाकले की ती बरीच शांत होते. फार वेळ झुंजवली तर स्नायूंतलं आम्ल रक्तात साचतं आणि वरवर धडधाकट दिसणारी मगर सोडल्यावर एक-दोन दिवसांत मरू शकते. शेपटीला दोर बांधून तासन् तास ओढत फोटो काढणं म्हणजे तिला मारणंच आहे. मगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं, पकडणं किंवा अंडी काढणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

“इथली मगर धरून लांब कुठेतरी सोडा” ही मागणी प्रत्येक घटनेनंतर होते. भीती खरी आहे, पण उपाय टिकत नाही. ऑस्ट्रेलियात उपग्रह यंत्र बसवून खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या नरांना समुद्रकिनाऱ्याने ५६, ९९ आणि ४११ किलोमीटर लांब सोडलं होतं. तिघेही मूळ जागी परतले, आणि सगळ्यात लांबचा तर परतीला निघाल्यावर वीस दिवसांत. आपली मगरही जागा धरून राहणारी आहे. शिवाय रिकाम्या झालेल्या डोहात दुसरी येते, आणि ती नवी असल्याने तिच्या सवयी गावाला माहीत नसतात. माणसावर हल्ला केलेली ठरावीक मगर नक्की ओळखता आली तर तिला कायमचं बंदिस्त ठेवणं योग्य. सरसकट धरपकड नको.

१९७५ मध्ये देशात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला तेव्हा जंगली घरट्यांतली अंडी गोळा करून, पिल्लं साधारण सव्वा मीटरची होईपर्यंत वाढवून नद्यांत सोडत होते. त्या काळात ते गरजेचं होतं. कृष्णाकाठी आज पिल्लं सोडण्याची गरज नाही. प्रत्येक गावाच्या हद्दीत घरट्यायोग्य शंभर-दोनशे मीटर उतार निश्चित करून फेब्रुवारी ते जून तिथे माती-वाळू उपसा, नांगरट आणि जाळी बंद ठेवली तरी पुष्कळ काम होईल. मासेमारीची जाळी विशेषतः, कारण त्यात अडकलेली मगर वर येऊन श्वास घेऊ न शकल्याने बुडून मरते. जाळं रात्रभर लावून ठेवण्याऐवजी दर दोन तासांनी बघितलं तर मगर वाचते, जाळंही फाटत नाही.

मगरीने धरलंच तर डोळ्यांवर आणि जिभेच्या मागे घशाच्या पडद्यावर जोरात मारावं. बाकी अंगावर मारून काही होत नाही. सुटल्यावर जखम लहान दिसली तरी भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं लागतात. दात खोल जातात आणि जखमेचं तोंड बाहेरून मिटलं तरी आत पू धरतो, म्हणून अशी जखम घाईने टाके घालून बंद करू देऊ नये. भरपाईसाठी पंचनामा, पोलीस तक्रार आणि दवाखान्याचे कागद लागतात. नदीच्या ज्या काठावर घटना घडली त्याच राज्याच्या वन खात्याकडे अर्ज जातो. पलीकडच्या काठावर रान असलेल्या शेतकऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या वन परिक्षेत्र कार्यालयांचे नंबर मोटरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवावेत.